शेरी कास्कची व्हिस्की: लेबल वाचण्यापासून आपली आवडती ठरवण्यापर्यंत

शेरी कास्कची, म्हणजे शेरी या वाइनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की निवडताना बहुतेकांची गाडी त्याच त्या ठिकाणी अडते. बाटली उजेडाला धरायची, रंग जितका गडद तितकी शेरी जास्त असं समजायचं, लेबलवर ‘शेरी’ शब्द दिसला की उचलायची आणि घरी येऊन पहिलाच घोट ६० टक्के अल्कोहोलच्या कास्क स्ट्रेंथचा, म्हणजे पाणी न घालता पिंपातून तशीच बाटलीत भरलेल्या व्हिस्कीचा घ्यायचा. जीभ बधिर होते, नाकात चटका बसतो आणि ‘या शेरीवाल्या आपल्याला झेपत नाहीत’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. माझ्या ओळखीत असे निदान पाच-सहा जण आहेत. त्यातल्या दोघांना नंतर योग्य क्रमाने चाखायला बसवलं, तर आज त्यांच्या कपाटात शेरीशिवाय दुसरं काही नसतं.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. कोणती व्हिस्की थोर, याची यादी शेवटाकडे थोडक्यात येईल. त्याआधी काय वाचायचं, काय शेजारी शेजारी ठेवायचं, पाणी कधी आणि किती घालायचं, हे एकेक करून पाहू. पायऱ्या गाळू नका, विशेषतः तिसरी.

पायरी १: पिंपात काय घडतं ते आधी पक्कं करा

शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेझ, सानलुकार दे बारामेदा आणि एल प्वेर्तो दे सांता मारिया या गावांच्या परिसरातली वाइन. तिचे प्रकार बरेच आहेत, पण व्हिस्कीच्या पिंपांसाठी दोनच वारंवार भेटतात.

पहिला ओलोरोसो. ही वाइन हवेच्या संपर्कात मुरते, म्हणून तिच्यात अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, चामडं, मनुका असे वास येतात. इथे एक गैरसमज काढून टाका: ओलोरोसो मुळात कोरडी वाइन आहे, गोड नाही. दुसरा पेद्रो हिमेनेझ, ज्याला सगळे ‘पीएक्स’ म्हणतात. याची द्राक्षं उन्हात वाळवतात, त्यामुळे रस पाकासारखा दाट होतो. खजूर, अंजीर, काकवी, कॉफी ही त्याची ओळख. फिनो आणि मानझानिया यीस्टच्या सायीखाली मुरतात. त्यांची पिंपं व्हिस्कीत क्वचितच वापरली जातात आणि त्यांतून बदाम, खारटपणा, मळलेल्या कणकेसारखा वास येतो. ‘फिनो कास्क’ लिहिलेल्या बाटलीतून काळ्या मनुका शोधत बसाल तर निराश व्हाल.

आता लाकूड, आणि इथे जरा थांबा, कारण लोक हाच भाग सोडून देतात. शेरीची पिंपं दोन जातींच्या ओकची असतात. युरोपियन ओकमध्ये टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट घटक जास्त, त्यामुळे लवंग, जायफळ, सुकामेवा आणि तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा येतो. अमेरिकन ओकमधून व्हॅनिला, टॉफी, नारळ आणि एकूण मऊपणा येतो. दोन्ही पिंपांत तीच ओलोरोसो भरलेली असली, तरी आतून निघणाऱ्या व्हिस्की सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत. ‘मला ओलोरोसो आवडत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांना खरं तर युरोपियन ओकचा तुरटपणा नको असतो.

तिसरी गोष्ट. आजची शेरी पिंपं शेरीवाल्यांच्या तळघरातून निवृत्त होऊन आलेली नसतात. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाले घ्यायचे. १९८० च्या दशकात पिंपांतून निर्यात बंद झाली. आता व्हिस्कीसाठी मुद्दाम नवी पिंपं बनवतात, त्यांत साधारण दीड-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात, मग ती ओतून पिंपं स्कॉटलंडला पाठवतात. याला सीझनिंग म्हणतात. म्हणजे तुमच्या ग्लासात जे येतं त्यात शेरीइतकाच, कधी कधी जास्त, वाटा त्या ताज्या लाकडाचा असतो. सोलेरातली, म्हणजे शेरी मुरवायच्या पिंपांच्या रांगांतली शंभर वर्षांची पिंपं लाकूड म्हणून जवळपास निष्क्रिय झालेली असतात. व्हिस्कीला ती फारसं काही देऊ शकत नाहीत.

राहिलं फर्स्ट फिल आणि रीफिल. शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्की भरली तर फर्स्ट फिल, त्यापुढे रीफिल. फर्स्ट फिलमध्ये पिंप जोरात बोलतं. रीफिलमध्ये भट्टीतून उतरलेली मूळ दारू ऐकू येते. मोठ्या पिंपाला बट म्हणतात, ते सुमारे ५०० लिटरचं. हॉग्सहेड त्याच्या निम्मं, म्हणजे २५० च्या आसपास. पिंप लहान तितका लाकडाचा संपर्क जास्त.

*तपासणी:* पुढे जाण्याआधी कोणत्याही एका बाटलीबद्दल स्वतःला विचारा: शेरी कोणती, लाकूड कोणतं, पिंप कितव्यांदा भरलेलं? तिन्ही उत्तरं लेबलवर नेहमी मिळणार नाहीत. पण प्रश्न डोक्यात असले की न लिहिलेलं काय आहे, हे लक्षात यायला लागतं.

पायरी २: लेबल या क्रमाने वाचा

*आधी पिंपाचं वाक्य.* पूर्ण काळ शेरी पिंपात मुरवलेली, की शेवटचे काही महिने शेरी पिंपात काढलेली? दुसऱ्या प्रकाराला फिनिश म्हणतात. फिनिश वाईट नसतं, पण ती वेगळी गोष्ट आहे. बॅल्वेनी डबलवूड १२ वर्षांची असते. तिचा बराचसा काळ बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांत जातो आणि शेवटचे सुमारे नऊ महिने शेरीच्या. मधाळ, मऊ, छान व्हिस्की, पण तिच्यात भरगच्च शेरी शोधू नका. टॅमडू आणि ग्लेनफार्क्लासच्या मुख्य श्रेणीतल्या व्हिस्की मात्र शेरीच्या पिंपांतच मोठ्या होतात.

इथला सापळा म्हणजे ‘डबल’ हा शब्द. बॅल्वेनीच्या डबलवूडमध्ये आणि ॲबरलोर १२ डबल कास्कमध्ये त्याचा अर्थ बर्बन आणि शेरी. मॅकॅलनच्या डबल कास्कमध्ये दोन्ही पिंपं शेरी सीझनिंगचीच असतात, फक्त एक अमेरिकन ओकचं आणि एक युरोपियन ओकचं. शब्द तोच, माल पूर्ण वेगळा.

*मग अल्कोहोलचा आकडा.* स्कॉचला किमान ४० टक्के बंधनकारक आहे. शेरीच्या बाबतीत मी ४३ च्या खाली शक्यतो जात नाही, आणि ४६ दिसलं की खूश होतो. कारण असं: ४६ च्या खाली व्हिस्की थंडीत किंवा पाणी घातल्यावर गढूळ होते, म्हणून बऱ्याच कंपन्या ती गार करून गाळतात. त्या गाळणीत काही तेलकट घटक निघून जातात. शेरी व्हिस्कीचा जो जिभेवर पसरणारा जडपणा आपल्याला हवा असतो, त्याला या घटकांचा आधार असतो. ४६ आणि त्यापुढे अशा गाळणीची गरज सहसा पडत नाही.

*मग रंग.* स्कॉचच्या नियमांत पाणी आणि साधा कॅरमेल रंग, म्हणजे ई १५०ए, एवढंच घालायला परवानगी आहे. रंग घातला असेल तर तसं छापायची सक्ती बहुतेक देशांत नाही. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर मात्र ‘मिट फार्बश्टोफ’ असं लिहावं लागतं, त्यामुळे शंका असेल तर त्या बाजारातल्या लेबलचा फोटो शोधा. ग्लेनफार्क्लास, ग्लेनड्रोनॅक, टॅमडू, मॅकॅलन यांचा रंग नैसर्गिक असतो.

सावधान: नैसर्गिक रंग असला तरी गडद म्हणजे जास्त शेरी, असं समीकरण बसत नाही. रेड वाइनच्या पिंपातून आलेली व्हिस्कीही लालसर गडद असते. उलट रीफिल शेरी बटमध्ये वीस वर्षं काढलेली व्हिस्की फिकट सोनेरी निघू शकते, आणि तिचा वास मात्र थेट अक्रोड-मनुकांचा. रंग शेवटी बघा, सुरुवातीला नाही.

*शेवटी वय.* लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वात तरुण व्हिस्कीचा असतो. वय छापलेलं नसलं म्हणून घाबरू नका. ॲबरलोर अबुनावर वय नसतं, तरी ती या प्रकारातली मातब्बर बाटली आहे. दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: जोरकस युरोपियन ओकच्या फर्स्ट फिल पिंपात २५ वर्षं हा भरपूर काळ झाला. अशा काही बाटल्या चाखताना फळ मागे पडतं आणि लाकूडच चावल्यासारखं वाटतं. हवामानाचाही हिशेब आहे. तैवानमधली कावालान सॉलिस्ट ओलोरोसो उष्ण हवेत मुरते, त्यामुळे थोड्या वर्षांतच तिचा रंग सोया सॉसकडे झुकतो. तिथे स्कॉटलंडच्या वयाचा मापदंड लावून चालत नाही.

बॅच नंबर असेल तर लगेच लिहून ठेवा. अबुनाच्या बॅचमध्ये अल्कोहोलचा आकडाही बदलतो आणि स्वभावही. ‘अबुना आवडली’ एवढ्या आठवणीवर पुढच्या वर्षी तीच चव मिळेल असं नाही.

पायरी ३: आधी जोडी लावा, मग बाटली घ्या

हीच ती पायरी जी सगळे गाळतात. एकट्या शेरी व्हिस्कीची चव घेऊन शेरीने नेमकं काय केलं ते कळत नाही, कारण तुलना करायला शेजारी काहीच नसतं. तुम्ही डिस्टिलरीचा स्वभाव शेरीच्या नावावर जमा करता, किंवा उलट.

माझ्या मते सर्वात उपयोगी जोडी ग्लेनमोरंजी ओरिजिनल आणि ग्लेनमोरंजी लासांटा. भट्टी तीच, मूळ दारू तीच. ओरिजिनल बर्बनच्या पिंपांत मुरते. लासांटा आधी बर्बनमध्ये आणि मग शेरीच्या पिंपांत. दोन ग्लासांत प्रत्येकी १५ मिली घ्या, शेजारी ठेवा. आधी ओरिजिनलचा वास घ्या: संत्रं, पीच, व्हॅनिला. मग लासांटाचा. तेच संत्रं आता सालीसकट वाळलेलं वाटेल, व्हॅनिलाच्या जागी दालचिनी आणि मनुका येतील. परत ओरिजिनलकडे या. आता ती जवळजवळ पांढऱ्या फुलासारखी हलकी भासेल. दोन ग्लासांमधला हा जो फरक, तो शेरीच्या पिंपाचा. एकदा नाकाला तो कळला की पुढे कोणत्याही बाटलीत सापडतो.

याच्यानंतर पूर्ण शेरीच्या तीन व्हिस्की घ्या, शक्यतो छोट्या नमुन्यांत किंवा चार जणांत वाटून:

१. टॅमडू १२. ओलोरोसो पिंपं, अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही ओक, ४३ टक्के. गोल, नीटनेटकी, कुठेही टोचत नाही. सुरुवातीचा मापदंड म्हणून मला हिच्याहून बरी सापडलेली नाही.

२. ग्लेनड्रोनॅक १२. पीएक्स आणि ओलोरोसो, ४३ टक्के. पीएक्सचा दाटपणा म्हणजे काय, ते इथे कळतं.

३. ग्लेनफार्क्लास १५. ४६ टक्के. कोरडी, अक्रोडाकडे झुकणारी, आणि शेरीच्या आतून मूळ दारूचा कणा स्पष्ट जाणवणारी.

नेहमीची चूक: सुरुवातीलाच महागडी १८ वर्षांची बाटली घेणं. आपल्याला कोरडं आवडतं की गोड, हेच अजून ठरलेलं नसतं. त्या आधी केलेला मोठा खर्च अंदाजपंचे असतो.

पायरी ४: बसण्याआधीची तयारी

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा हवा, खाली फुगीर आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न हा व्हिस्कीचा खास ग्लास असेल तर उत्तमच. रुंद तोंडाच्या टंबलरमध्ये वास उडून जातो आणि अल्कोहोलचा झोत तेवढा नाकात शिरतो. ग्लास कपाटातून काढल्यावर रिकामाच हुंगा. लाकडी कपाटाचा किंवा पुसण्याच्या फडक्याचा वास आला तर गरम पाण्याने धुऊन उपडा न ठेवता वाळवा.

प्रत्येकी १५ ते २० मिली पुरेसं आहे. एका बैठकीत चारपेक्षा जास्त व्हिस्की नकोत, कारण पाचवीपर्यंत जीभ टॅनिनने थकलेली असते आणि तिथून पुढच्या नोंदींना अर्थ उरत नाही. त्याआधी तासभर कॉफी, तिखट, पेपरमिंट काही नको. अंगाला अत्तर नको. शेजारी साधं पाणी, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज, कागद-पेन्सिल. थुंकायला एक भांडं ठेवायला लाजू नका, व्यवसायाने चाखणारे सर्रास ठेवतात. आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरवून बसा.

पायरी ५: ओतण्याचा आणि चाखण्याचा क्रम

हलक्याकडून जडाकडे: बर्बन पिंपाची, मग शेरी फिनिश, मग पूर्ण शेरी ४३ टक्के, मग ४६, सर्वात शेवटी कास्क स्ट्रेंथ. धुराच्या वासाची व्हिस्की त्या दिवशी असेलच तर ती अगदी शेवटी. पीएक्सच्या दाट व्हिस्कीनंतर कोरडी ओलोरोसो प्यायलात तर ती कडू आणि पातळ वाटते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

सगळे ग्लास एकदम ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तसेच राहू द्या. शेरी व्हिस्कीला हे फार लागतं. नुकत्याच ओतलेल्या ग्लासात पुष्कळदा फक्त लाकूड आणि अल्कोहोल असतं. फळं नंतर वर येतात.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवा. पहिल्या वासाला सुकामेवा सगळ्यांनाच मिळतो, तो लिहून मोकळे व्हा. मग पुढचे प्रश्न विचारा. मनुका ताज्या की जळक्या? संत्र्याचा गर की साल? गोडवा मधाचा की काकवीचा? त्याच्या खाली काही आहे का, चामडं, तंबाखूची पानं, पॉलिश केलेलं जुनं फर्निचर?

पहिला घोट फक्त जिभेला जागं करायला. मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. तो तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा आणि मग हिरड्यांकडे लक्ष द्या. कडक कोरा चहा प्यायल्यावर जसा तुरट कोरडेपणा येतो, तो आला का? आला तर युरोपियन ओकचा हात आहे असं बहुधा समजायला हरकत नाही.

*तपासणी:* ग्लास लगेच धुऊ नका. रिकामे तसेच ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी पिंपाचा अर्क तेवढा उरतो. चांगल्या ओलोरोसो पिंपाच्या ग्लासात सकाळी कोको, ओलसर लाकूड आणि अंजिराचा वास राहतो. ज्या ग्लासात नुसता जळक्या साखरेचा सपाट वास किंवा काहीच उरत नाही, त्या बाटलीच्या शेरीबद्दल मी पुन्हा विचार करतो. रात्री आवडलेली एक बाटली मी निव्वळ या सकाळच्या ग्लासामुळे दुसऱ्यांदा घेतली नाही.

पायरी ६: पाणी मोजून

४३ टक्क्यांच्या व्हिस्कीला पाण्याची गरज क्वचितच पडते. ४६ ला दोन-चार थेंब. खरा प्रश्न कास्क स्ट्रेंथचा, आणि तिथे लोक एकतर पाणी घालायला कमीपणा मानतात किंवा अंदाजे धार सोडतात. दोन्हींत नुकसान आहे.

हिशेब सोपा आहे. व्हिस्कीचे मिली गुणिले आत्ताचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के. आलेल्या उत्तरातून मूळ मिली वजा केले की उरतं ते पाणी. २० मिली आणि ६० टक्के धरले, म्हणजे ग्लेनफार्क्लास १०५ चा किंवा अबुनाच्या बऱ्याचशा बॅचचा आकडा, तर:

५० टक्क्यांवर आणायला ४ मिली पाणी,
४६ वर आणायला सुमारे ६ मिली,
४० वर आणायला १० मिली.

पण थेट ६ मिली ओतू नका. आधी कोरीच चाखा, अगदी चहाच्या चमच्याच्या टोकाएवढी. मग सिरिंजने २ मिली, दोन मिनिटं थांबा, वास घ्या, चाखा. मग पुन्हा २. एखाद्या टप्प्यावर फळं एकदम उघडतात, आणि आणखी पुढे गेलात की लाकडाचा कडवटपणा वर येतो. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, तो लिहून ठेवा. माझ्या जिभेला बहुतेक कास्क स्ट्रेंथ शेरी व्हिस्की ५० ते ५२ च्या दरम्यान बसतात. तुमचा आकडा वेगळा येईल.

सावधान: घातलेलं पाणी परत काढता येत नाही. बर्फ तर या प्रयोगात नकोच. थंडीने वास दबतो आणि टॅनिनची धार मात्र तशीच राहते, त्यामुळे व्हिस्की गोडव्याशिवाय नुसती तुरट लागते.

पायरी ७: गंधकाची खूण ओळखा

शेरी पिंपांची ही एकमेव अडचण, जिच्यामुळे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. रिकामं पिंप प्रवासात बुरसू नये म्हणून त्यात गंधकाची कांडी जाळण्याची पद्धत होती. त्याचा अंश लाकडात राहिला की व्हिस्कीत उतरतो. खुणा अशा: नुकतीच विझवलेली काडी, जळकं रबर, उकडलेलं अंडं, फटाक्याची दारू.

एकदा एका सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीचं बूच उघडलं आणि पहिल्याच वासाला मला काड्यापेटी ओढल्यासारखं झालं. समोर बसलेला मित्र त्याच ग्लासातून ‘वा, काय मनुका आहेत’ म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. गंधकाच्या बाबतीत माणसामाणसाच्या नाकात फार फरक असतो, आणि माझं नाक या बाबतीत तिखट आहे. तुमचं कसं आहे हे कळेपर्यंत कुणाच्या कौतुकावर विसंबून सिंगल कास्कची पूर्ण बाटली घेऊ नका.

वास आला की लगेच बाटली बाजूला टाकू नका. ग्लास अर्धा तास उघडा ठेवा. हलका अंश असेल तर उडून जातो. आठवड्याने पुन्हा पाहा. तरीही रबर येतच असेल तर ते तिथे कायमचं आहे.

आणखी एक गोंधळ टाळा. मॉर्टलॅक किंवा बेनरिनेससारख्या डिस्टिलरींची मूळ दारूच मांसल असते, कारण तिथे वाफ गार करायला वर्म टब, म्हणजे पाण्याच्या टाकीतून जाणारी वेटोळी नळी वापरतात आणि दारूला तांब्याचा स्पर्श कमी मिळतो. तो वास मटणाच्या दाट रश्श्यासारखा असतो, जळक्या काडीचा नाही. शेरीबरोबर तो सुरेख जमतो. त्याला दोष समजून बाजूला सारणं हा त्या डिस्टिलरीवर अन्याय आहे.

पायरी ८: आवड ठरवा आणि त्याच दिशेने पुढे जा

इथवर आलात म्हणजे वहीत आठ-दहा नोंदी असतील. आता त्यांत एकच गोष्ट शोधा: कोणता शब्द आवडलेल्या सगळ्या ग्लासांत परत परत आला? मग पुढची बाटली त्या शब्दावरून.

‘अक्रोड, कोरडं, चामडं’ येत असेल तर ग्लेनफार्क्लास १५ वरून ग्लेनड्रोनॅक १८ अलार्डिसकडे जा. ती फक्त ओलोरोसोची, ४६ टक्के, आणि तिच्यात चॉकलेटची कडवट छटा आहे. ‘खजूर, काकवी, कॉफी’ येत असेल तर पीएक्स आणि ओलोरोसो एकत्र असलेल्या ग्लेनड्रोनॅक १५ रिव्हायव्हल किंवा ग्लेनॲलकी १५, दोन्ही ४६. ‘मांसल, खमंग’ असेल तर मॉर्टलॅक १६. पूर्ण शेरी अंगावर येते, पण तिचा स्पर्श हवा, असं वाटत असेल तर बुनाहावन १२, ४६.३ टक्के. मिठाचा एक हलका पदर तिच्यात शेरीला सावरतो. जोर हवा असेल तर टॅमडू बॅच स्ट्रेंथ किंवा अबुना, सहाव्या पायरीतली सिरिंज हाताशी ठेवून.

धुराची आवड असलेल्यांसाठी आर्डबेग ऊगाडाल, ५४.२ टक्के, आणि किलखोमन लॉक गोर्म. पण धूर आणि शेरी एकत्र शिकायला घेऊ नका. धूर शेरीतले बारकावे झाकतो, आणि गंधकाचा दोष तर सहज लपवतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्या जागी ग्लेनफार्क्लास १५, दुसऱ्या जागी रिव्हायव्हल. ग्लेनफार्क्लास यासाठी की तिच्यात पिंप आणि भट्टी दोघांचाही आवाज येतो. केवळ पिंपाचा अर्क पिण्यात मला पूर्वी मजा यायची, आता तितकी येत नाही. अलार्डिस वर्षातून एखाद्या संध्याकाळी, घाई नसताना.

*तपासणी:* आवडती ठरली असं वाटलं की एकदा न बघता चाखा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास ओतून खाली चिठ्ठ्या लावायला सांगा. एक तुमची आवडती, दोन इतर, तिन्ही साधारण सारख्या टक्क्यांच्या. रंगावर मन जाऊ नये म्हणून दिवे मंद करा. तीन वेगवेगळ्या दिवशी दोनदा तरी तीच निवडली गेली तर आवड खरी. मी हे केलं तेव्हा ज्या बाटलीबद्दल तावातावाने बोलायचो ती तिन्ही दिवस तिसरी आली.

पायरी ९: उघडलेली बाटली सांभाळणं

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर वाइनपेक्षा कितीतरी जोरकस असलेलं अल्कोहोल बूच कुरतडतं. उजेडापासून आणि उष्णतेपासून लांब, शक्य तर खोक्यातच. जुन्या बाटलीचं बूच तुटलंच तर घाबरू नका, व्हिस्की चहाच्या बारीक गाळणीतून स्वच्छ बाटलीत काढा आणि दुसऱ्या बाटलीचं धुतलेलं बूच लावा. असं एखादं बूच मी कायम जपून ठेवतो.

बाटली भरलेली असेपर्यंत हवेचा फारसा त्रास नाही. उलट जोरकस शेरी व्हिस्की पहिल्या काही आठवड्यांत खुलते, म्हणून उघडल्या दिवशीच शेवटचं मत लिहू नका. एक तृतीयांशाखाली आली की मात्र फळांचे वास आधी मावळतात आणि लाकूड उरतं. तेव्हा एकतर दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा उरलेली काचेच्या छोट्या बाटलीत मानेपर्यंत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, आणि वर चिकटपट्टीवर नाव, बॅच आणि तारीख लिहा.